‘गोतावळ्यात मन आजारी पडत नाही’ या दाव्याला उत्तर

समाजमाध्यमांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. जिथे माणसं एकत्र राहतात, एकत्र कमावतात आणि एका पंगतीला जेवतात, तिथे मनाचे आजार नसतात. तिथे मूल एकट्या आईबापाचं नसतं, सगळ्यांचं असतं, म्हणून ते जास्त सुदृढ निघतं. बाळंतीण खचत नाही, कारण हाताशी दहा बायका असतात. मनात काही साचत नाही, कारण ऐकायला कुणीतरी असतंच. दाखल्याला इस्राएलमधले किबुत्स, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या वसाहती, आणि उत्तर अमेरिकेतले हटराइट यांची नावं असतात. शेवटी सल्ला येतो: नैराश्य हे चौकोनी कुटुंबाचं दुखणं आहे, डॉक्टरांच्या आणि गोळ्यांच्या नादी लागू नका, माणसांत जा.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. एकटं पडलेल्या माणसाला त्यात दिलासा वाटतो आणि एकटेपणा मनाला पोखरतो हे खरंच आहे. पण मजकूर ज्या दोन समाजांची साक्ष काढतो, त्यांचाच अभ्यास संशोधकांनी वर्षानुवर्षं केला आहे, आणि हाती आलेलं चित्र मजकुराला पेलणारं नाही. शिवाय शेवटचा सल्ला धोक्याचा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘समूहात राहणाऱ्यांना मनाचे आजार होत नाहीत.’

हटराइट हा सोळाव्या शतकात युरोपात उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. याकोब हुटर या त्यांच्या पुढाऱ्याला १५३६ मध्ये जाळून मारण्यात आलं. छळ चुकवत, देश बदलत ही मंडळी १८७० च्या दशकात रशियातून अमेरिकेत आली आणि आज अमेरिका-कॅनडातल्या माळरानांवर त्यांच्या वसाहती आहेत. खाजगी मालमत्ता नाही, स्वयंपाक एकत्र, शेती एकत्र. वसाहत दीडशेच्या आसपास गेली की तिची दोन करतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो. समूहजीवनाचा याहून चोख नमुना शोधूनही सापडणार नाही.

गंमत म्हणजे ‘यांच्यात वेड नाही’ ही ख्याती आजची नाही. १९५० च्या सुमारास तीच ऐकून समाजशास्त्रज्ञ जोसेफ ईटन आणि मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट वाइल यांनी वसाहतींमध्ये जाऊन पाहणी केली. ८,५४२ लोकसंख्येत त्यांना १९९ माणसं अशी आढळली, जी त्या वेळी मानसिक आजाराने ग्रस्त होती किंवा आधी कधीतरी होऊन गेली होती. म्हणजे साधारण ४३ जणांत एक. त्यातल्या ५३ जणांना तीव्र, वास्तवाचं भान सुटण्याइतका आजार झाला होता. आणि या ५३ पैकी ३९ जणांना उन्माद-नैराश्याचा, म्हणजे आज आपण बायपोलर किंवा तीव्र नैराश्य म्हणतो त्या प्रकारचा आजार होता. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचे, रुग्ण फक्त नऊ.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. आजार होते, बाहेरच्या जगात असतात तसेच. पण त्यांचा रंग वेगळा होता. कर्तव्य, पाप आणि स्वतःला दोष देणं यांवर उभ्या असलेल्या समाजात दुखणं नैराश्याच्या अंगाने बाहेर येत होतं. हटराइटांकडे त्याला नावही होतं, ‘अनफेख्टुंग’: सैतानाने घेतलेली परीक्षा. माणूस खचायचा, आपण पापी आहोत असं धरून बसायचा, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून आणखी खचायचा. लोक त्याला आजारी म्हणत नव्हते, धर्मोपदेशकाकडे नेऊन कबुली द्यायला लावत होते. बाहेरून पाहणाऱ्याला ‘यांच्यात आजारच नाही’ असं वाटलं ते याचमुळे. रुग्णालयाच्या दारात कुणी दिसत नव्हतं, कारण सगळं घरातच निभावलं जात होतं.

पण ते निभावणं चांगलं होतं, हेही त्याच पाहणीत आहे आणि ते मी लपवणार नाही. आजारी माणसाला कुणी हिणवत नव्हतं. त्याला झेपेल ते काम देत, एकटं सोडत नसत, बरा झाला की त्याची जागा त्याला परत मिळे. हिंसा आणि आत्महत्या क्वचितच. समूहाचं खरं बळ मला इथे दिसतं. तो आजार येऊ देत नाही असं नाही. आलेल्याला तो पदराखाली घेऊ शकतो. फिरणारा मजकूर या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

‘मूल सगळ्यांचं असलं की ते अधिक निरोगी वाढतं. किबुत्स बघा.’

या मुद्द्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण लहान मुलांच्या बाबतीत इतका मोठा आणि इतका प्रामाणिक प्रयोग जगात क्वचितच झाला असेल.

पहिला किबुत्स, देगानिया, १९१० मध्ये गालिली सरोवराच्या काठी वसला. पुढे अशा सुमारे २७० वसाहती झाल्या. बहुतेक वसाहतींमध्ये बाळ काही आठवड्यांचं झालं की त्याला मुलांच्या घरात ठेवत. तिथे मेटापेलेत, म्हणजे सांभाळणारी प्रशिक्षित बाई, दिवसभर मुलांचं करी. आई येऊन दूध पाजत असे. संध्याकाळचे काही तास आईबापाचे, आणि ते अगदी मोकळे, कारण घरकाम सामाईक असल्याने त्या वेळात दुसरं काही करायचं नसे. मग झोपायला पुन्हा मुलांच्या घरात. यामागे क्रूरपणा नव्हता. बाईला चूल-मुलातून मोकळं करायचं, मुलाला बापाच्या मालकीतून सोडवायचं आणि सगळ्या मुलांना सारखं द्यायचं, अशी त्या पिढीची स्वप्नं होती.

रात्री काय व्हायचं, ते मजकुरात कुठेच नसतं. रात्री मुलांच्या घरात मेटापेलेत नसे. वसाहतीतल्या एक-दोन बायका पहाऱ्यावर असत, बऱ्याचदा ध्वनियंत्रावरून सगळ्या घरांतले आवाज ऐकत, आणि ही पाळी आठवड्याला बदले. बाळ रडलं तर यायला वेळ लागे, आणि जी येई ती बाई बाळाच्या ओळखीची असेलच असं नव्हतं. मूल सगळ्यांचं होतं, पण अंधारात घाबरून उठलेल्या मुलापाशी येणारी बाई दर आठवड्याला वेगळी असे.

याचा परिणाम मोजण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न अब्राहम सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत काही किबुत्सांनी बाळांना रात्री घरी झोपवायला सुरुवात केली होती, त्यामुळे तुलना शक्य झाली. एका गटात मुलांच्या घरात झोपणारी २३ बाळं, दुसऱ्यात रात्री आईबापांकडे झोपणारी २५. दिवसाचा सांभाळ दोन्हीकडे सारखाच, मेटापेलेतकडेच, आणि चांगल्या दर्जाचा. आईशी बाळाचा बंध किती सुरक्षित आहे, म्हणजे घाबरल्यावर ते आईकडे वळतं आणि तिच्यापाशी शांत होतं का, हे तपासलं. घरी झोपणाऱ्यांत ८० टक्के बाळांचा बंध सुरक्षित निघाला, मुलांच्या घरात झोपणाऱ्यांत ४८ टक्के.

यावरून ‘दुसऱ्याच्या हाती मूल दिलं की बिघडतं’ असा निष्कर्ष काढणारेही आहेत, तोही चुकीचा आहे. दिवसा ही सगळी बाळं दुसऱ्यांच्याच हाती होती आणि घरी झोपणारी बहुतेक बाळं छान होती. फरक पडला तो रात्रीने. घाबरल्या वेळी ओळखीचं माणूस नसण्याने.

काँगोच्या इतुरी जंगलातले एफे लोक याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतात. त्यांच्यात बाळ खरोखरच अनेकांच्या कडेवर वाढतं. एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांच्या निरीक्षणांनुसार तीन आठवड्यांचं बाळ दिवसातला ३९ टक्के वेळ आईखेरीज इतरांकडे असतं आणि अठराव्या आठवड्यापर्यंत हा वेळ ६० टक्क्यांवर जातो. दुसऱ्या बायका त्याला अंगावर पाजतातही. पण रात्री ते आईच्या कुशीत असतं. आणि हे ‘अनेक’ म्हणजे रोजची, त्याच छावणीतली, बाळाने चेहऱ्याने आणि वासाने ओळखलेली माणसं असतात. हटराइटांकडेही लहानगं आईबापांजवळ झोपतं. साधारण तीन वर्षांचं झाल्यावर दिवसा सामाईक बालशाळेत जातं. समूहात मूल वाढवणाऱ्या बहुतेक समाजांनी दिवसाचा भार वाटून घेतला, रात्र मात्र कुणा ठरलेल्या माणसाकडे ठेवली. किबुत्सांनी रात्रही वाटली.

आणि किबुत्सांनी स्वतःच ती परत घेतली. ही पद्धत मोडा असं बाहेरून कुणी सांगितलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वसाहतींच्या सभांमध्ये आया उठून बोलू लागल्या की मुलं आम्हाला घरी झोपवायची आहेत. त्यातल्या अनेक जणी स्वतः मुलांच्या घरात वाढलेल्या होत्या. या तपशिलाला मी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त वजन देते. ठराव झाले, मतदान झालं, एकेक वसाहत बदलत गेली. १९९१ च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रांच्या भीतीने रात्री मुलं आईबापांकडे आली ती काही ठिकाणी परत गेलीच नाहीत. नव्वदचं दशक संपेपर्यंत सामूहिक झोपण्याची पद्धत सगळीकडून गेली होती. किबुत्सचा दाखला देणाऱ्याने निदान एवढं तरी सांगायला हवं.

किबुत्सात वाढलेली मुलं मोडून पडली असंही नाही. बहुसंख्य नीट वाढली, शिकली, कामाला लागली. सैन्यातल्या अधिकाऱ्यांत त्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त राहिलं. पण मजकुराचा दावा ‘बरीच मुलं नीट वाढली’ एवढा नाही. त्याचा दावा आहे की आजार होत नाही.

तोही तपासला गेलाय. स्किझोफ्रेनिया असलेल्या आईचं किंवा बापाचं मूल समूहात वाढलं तर वाचेल का, असा प्रश्न घेऊन इस्राएलमध्ये १९६० च्या दशकात एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. आजारी पालकांची पन्नास मुलं निवडली, निम्मी किबुत्सातली, निम्मी शहरातली, चौकोनी कुटुंबातली. तुलनेसाठी निरोगी पालकांची तितकीच मुलं. अपेक्षा अशी की किबुत्समध्ये आजारी पालकाचा सहवास कमी आणि इतरांचा आधार जास्त, तेव्हा तिथली मुलं सावरतील. ती मुलं पंचविशी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते उलटे. आजारी पालकांच्या मुलांपैकी किबुत्समध्ये वाढलेल्यांत मानसिक आजार जास्त आढळले, विशेषतः नैराश्याच्या गटातले. अभ्यास लहान होता, त्यावरून समूहजीवनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं बरोबर नाही. पण संशोधकांनी एक शक्यता मांडली ती विचार करण्यासारखी आहे: सगळे सगळ्यांना ओळखतात अशा छोट्या वसाहतीत ‘त्या वेड्या बाईचा मुलगा’ ही ओळख पुसायला जागाच नसते. शहरात ते मूल अनोळखी होऊ शकतं.

‘भरल्या घरात बाळंतीण खचत नाही.’

माणसांची संख्या आणि माणसांचा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये नातलगांच्या सोबतीने राहणं सर्रास आहे. तिथल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा जेन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडला. बाळंतपणानंतर नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असलेल्या बायकांचं प्रमाण तिथे १९.८ टक्के निघालं. श्रीमंत देशांत ते साधारण १३ टक्के धरलं जातं. गरिबी हे एक कारण आहेच. पण जोखमीच्या यादीत समजून न घेणारा नवरा आणि डूख धरणारं सासर हीही ठळकपणे आहेत. उलट ज्या बाईला विश्वासाचं, मायेचं माणूस होतं, ती त्यामानाने सुरक्षित होती.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के बायकांत नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याकडून मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्यात वाटा होता. मुलगी झाल्यावर बाळंतिणीभोवतीची दहा माणसं तोंड पाडून बसली असतील, तर ती दहा आहेत म्हणून तिला बरं वाटणार नाही. एकटीने राहणाऱ्या बाईला निदान तो दहांचा चेहरा रोज पाहावा लागत नाही. हे लिहिताना मला राग येतो, कारण ‘तुझ्याभोवती एवढी माणसं असताना तुला काय धाड भरली’ हे वाक्य अशाच बाईला ऐकवलं जातं आणि हा मजकूर ते वाक्य ऐकवणाऱ्याच्या हातात पुरावा म्हणून पडतो.

‘मनात काही साचत नाही, बोलायला कुणीतरी असतंच.’

असतं. पण बोललेलं तिथेच राहत नाही. जिथे सगळे एकमेकांत गुंतलेले असतात तिथे मन मोकळं करायला माणूस निवडणं अवघड होतं, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो ऐकणाऱ्याचा भाऊ, सासरा किंवा मालक असतो. घरातल्याच कुणी केलेला अत्याचार वर्षानुवर्षं बाहेर येत नाही, तो याच गुंत्यामुळे. तिऱ्हाईत समुपदेशकाचा उपयोग तिऱ्हाईत असण्यातच आहे.

‘हे आजार डॉक्टरांनी उभे केलेत. गोळ्या सोडा, माणसांत जा.’

या मुद्द्याच्या बाजूने एक खरा अभ्यास आहे आणि जाणकार मंडळी तोच पुढे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा सुरू केला. त्यात आग्रा, नायजेरियातलं इबादान आणि कोलंबियातलं काली इथले रुग्ण दोन आणि पाच वर्षांनी लंडन, वॉशिंग्टन किंवा डेन्मार्कमधल्या आर्हूसच्या रुग्णांपेक्षा बऱ्या अवस्थेत दिसले. कुटुंबाचा आधार हे त्याचं एक कारण असावं असं तेव्हापासून मानलं जातं. मला ते अशक्य वाटत नाही.

पण हे रुग्ण सापडले कुठे? मानसोपचार केंद्रांमध्ये. म्हणजे त्यांच्या घरच्यांनी त्यांना डॉक्टरकडे आणलं होतं. ‘कुटुंब होतं म्हणून उपचार लागले नाहीत’ असं तो अभ्यास कुठेही म्हणत नाही. शिवाय २००८ मध्ये ॲलेक्स कोहेन आणि सहकाऱ्यांनी ११ देशांतले २३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गरीब देशांत सरसकट बरं होतं असं चित्र उरलं नाही. कुठे चांगलं, कुठे फार वाईट, आणि उपचाराविना वर्षानुवर्षं राहिलेले रुग्णही त्यात होते.

समूहाने आजारी माणसाला सांभाळण्याचा सर्वांत जुना नमुना बेल्जियममधल्या गेल गावात आहे. मध्ययुगापासून तिथली साधी कुटुंबं मनोरुग्णांना घरात ठेवून घेतात. घरचं माणूस म्हणून, कधी पिढ्यानपिढ्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर होती. कौतुकाने हे सांगणारे एक सांगायचं विसरतात. गावात मनोरुग्णालय आहे. परिचारिका घरोघरी जातात, डॉक्टर औषधं ठरवतात, कुटुंबाला मोबदला मिळतो, आणि आजार उसळला की रुग्णाला काही काळ रुग्णालयात परत घेतात. रात्री-अपरात्री कुणाला बोलवायचं हे ठाऊक असतं, म्हणूनच साधी माणसं हे ओझं उचलायला धजावतात.

गोळ्या आपल्या मनाने सोडण्याबद्दल स्पष्टच लिहिते. बायपोलर आजारात लिथियम हे औषध एकाएकी थांबवलं तर उन्मादाचा झटका परतण्याचा धोका वाढतो आणि आत्महत्येचाही. स्किझोफ्रेनियातही औषध सुटलं की आजार उलटण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते. औषध कमी करायचं असेल तर ते डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने करता येतं आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत केलंही जातं. माणसांत जायला त्यासाठी गोळी सोडावी लागत नाही. उलट, ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला माणसांत जाण्याइतकं बळ अनेकदा उपचारानंतरच येतं.

तेव्हा हा मजकूर ज्यांना पुढे पाठवायचाच आहे, त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं खोडावं. तो वाचणाऱ्यांत नुकताच दवाखान्यात जायला तयार झालेला कुणी असू शकतो, आणि घरच्या किती विरोधानंतर तो तयार झाला हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही.